आबांच्या अक्षरातला दाखला

आबा कुठल्याही इमारतीत शिरले की आधी भिंतीला हात लावायचे. तळवा नाही, हाताची मागची बाजू. एखाद्या आजारी पोराच्या गालाला लावावी तशी. मग डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, "दख, इमारतले ताप शे."

तळवा का लावत नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भिंतीत किंवा पेटीत करंट उतरला असेल तर तळव्याची मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. मागची बाजू लावली तर हात आपोआप मागे झटकला जातो. "आधी हात लाव, मंग आकडा लिख," हे त्यांचं कायमचं वाक्य. माप घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचे डोळे काट्यावर असतात. आबांचे डोळे आधी माणसांवर जायचे. मागावर उभ्या असलेल्या कारागिराला ते विचारायचे, "दुपारी इथं किती भाजतं रे?" त्याचं उत्तर ते कागदाच्या समासात लिहायचे, आणि मगच मीटर बाहेर काढायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळे त्यांना आबाच म्हणायचे, हे एक कारण. दुसरं कारण पुढे कळेलच.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. सुरतेत जिकडे तिकडे माग वाढत होते. कालपर्यंत दहा माग असलेल्या शेडमध्ये चाळीस बसत होते, एक मजली इमारती तीन मजली होत होत्या. आमचे साहेब वीज-तपासणीची कामं घ्यायचे. इमारतीतली वायरिंग, तिच्यावर येणारा भार, वाया जाणारी वीज, भिंती आणि यंत्रांचा ताप, हे सगळं मोजायचं आणि सरकारी तपासणी कचेरीतून इमारत ठीक आहे असा दाखला काढून द्यायचा. दोन खोल्यांचं ऑफिस होतं. साहेब, आबा आणि मी, एवढेच आम्ही. मी आयटीआय करून नुकताच लागलो होतो. राहायला नवागाममध्ये, आबांच्या मागच्या गल्लीत. आम्ही शिरपूरकडचे, ते अमळनेरकडचे. आबांनीच मला तिथं चिकटवलं होतं.

दाखल्याची आठवण मालकांना अडल्याशिवाय यायची नाही. मग फोन यायचा, "दाखला नक्की केव्हा लागतो हो?" साहेब बोटं मोजत सांगायचे: भार वाढवायचा असला तर, इमारत विकायची असली तर, बँकेचं कर्ज हवं असलं तर. आबा कोपऱ्यातून पुटपुटायचे, "माणूस आत शिरना की लागस." साहेब फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे रागानं बघायचे.

त्यांच्या शिफारशीही मालकांना चमत्कारिक वाटायच्या. एका हिऱ्याच्या कारखान्यात भरदुपारी साठ ट्यूबलाइट जळत होत्या. खिडक्यांच्या काचांना आतून हिरवा रंग फासलेला. आबांनी खिशातून नाणं काढलं आणि एका काचेवरचा रंग तळहाताएवढा खरवडला. उन्हाचा एक चौकोन थेट घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर पडला. "एक दिवा कमी झाला," आबा म्हणाले. मालक हसला. म्हणाला, खिडकी उघडायला तुम्हाला बोलावलं होतं काय? आबा गंभीरपणे म्हणाले, "हो ना. तुम्हाला सुचलं असतं तर मी कशाला आलो असतो?"

स्वतःच्या घरावरही त्यांचे प्रयोग चालायचे. नवागामच्या पत्र्याच्या खोल्या उन्हाळ्यात कशा तापतात ते तिथं राहिलेल्यांनाच ठाऊक. आबांनी एका चैत्रात छपरावर चुन्याचे तीन हात मारले आणि खाली गोणपाट ताणून बांधलं. मग आपल्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत एकेक थर्मामीटर लटकवून गल्लीतल्या बायकांना बोलावलं. फरक बघून बायका हरखल्या. पुढचे दोन रविवार आबा लुंगी खोचून लोकांच्या छपरांवर चुना मारत होते. त्यांची बायको खालून ओरडत होती, "पडशात ना!" आमचंही छप्पर त्यांनीच पांढरं केलं. मी खालून बादली देत होतो.

मी त्यांच्याकडून सगळं शिकलो. तारेला चिमट्यासारखं धरायचं टाँग टेस्टर कसं वापरायचं, कुठला सांधा सैल आहे हे नुसत्या वासावरून कसं ओळखायचं. आणि त्यांचं अक्षरही शिकलो. ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या हातच्या तक्त्यांवरून मी अहवाल टाइप करायचो आणि मूळ तक्ता सोबत कचेरीत जायचा, त्यामुळे त्यांचा उघड्या तोंडाचा चार आणि पोटातून रेघ मारलेला सात माझ्या बोटांत उतरला होता. जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून मी त्यांची सही करून दाखवायचो. आबा चष्मा वर करून बघायचे आणि खूश व्हायचे. "मनापेक्षा बेस जमनी," म्हणायचे. म्हणजे माझ्यापेक्षा झकास जमली.

मग कतारगामची ती इमारत आली.

तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर माग, दुसऱ्या मजल्यावर कारागीर राहायचे. पाळीपाळीनं झोपायचे, त्यामुळे ती जागा कधी रिकामी नसायची. वर जायला एकच जिना, लाकडी. मुख्य केबल त्याच जिन्याच्या भिंतीवरून वर गेलेली. मालकाला आणखी माग बसवायचे होते, त्यासाठी भार वाढवून हवा होता आणि त्यासाठी दाखला. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, सगळे माग धडधडत असताना आबांनी मापं घेतली. जिन्याच्या मध्यावर केबलला एक जोड होता. आबांनी हाताची मागची बाजू तिथं नेली आणि लगेच ओढून घेतली. अर्थिंगची तार शोधत गेलो तर ती खाली गिलाव्यात जाऊन संपली होती. जमिनीपर्यंत पोचलेलीच नव्हती.

आबांनी अहवाल लिहिला: दाखला देता येत नाही. केबल बदला, जिन्यावरून काढा, अर्थिंग नव्यानं करा. त्यासाठी दहा-बारा दिवस माग बंद ठेवावे लागणार होते. मालक भडकला. साहेबांनी आबांना समजावून पाहिलं. आबा म्हणाले, "तुम्ही एक रात्र तिथं वर झोपून दाखवा. मंग देऊ दाखला." आणि टोपी घालून दुसऱ्या कामाला निघून गेले.

दोन दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. चहा मागवला. त्या ऑफिसात माझ्यासाठी मागवलेला तो पहिला चहा. म्हणाले, "तू आता आबांइतकाच तयार झालास. कतारगामची मापं तू एकदा परत घे. सुट्टीच्या दिवशी घे, गर्दी नसते."

सुट्टीच्या दिवशी अर्धे माग बंद असतात हे मला कळत होतं. बंद मागांवर केबल तापत नाही, हेही कळत होतं. पण 'आबांइतकाच तयार' हे शब्द मी घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत होतो.

मी गेलो. मापं घेतली. काट्यानं जे दाखवलं तेच लिहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण 'सर्व यंत्रे चालू' या रकान्यात मी 'होय' लिहिलं. अर्थिंगचं माप मी घेतलंच नाही, घ्यायला तिथं काही नव्हतंच. तरी आकडा लिहिला. आणि सगळं आबांच्या अक्षरात लिहिलं. कारण साहेब म्हणाले होते, "कचेरीत त्यांच्या अक्षराला मान आहे. बघतात आणि शिक्का मारतात. सहीचं मी बघून घेतो."

सहीचं त्यांना बघावं लागलं नाही. ती मीच केली. कुणी सांगितलं नव्हतं. मला येत होती म्हणून केली. त्यांचं नाव मी आता लिहीत नाही, ते त्यामुळेच.

दाखला मिळाला. तीन आठवडे झाले असतील. आबा दुसऱ्या एका फाइलसाठी तपासणी कचेरीत गेले, तेव्हा तिथला कारकून सहज म्हणाला, तुमचं कतारगामचं काम झालं की. आबांनी कागद बघायला मागितला.

त्या दिवशी ते ऑफिसात परत आले तेव्हा मी टाइप करत होतो. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, उभ्यानं प्यायले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "जेवना का?" मी हो म्हणालो. ते छत्री घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी आम्हा सगळ्यांना कचेरीत बोलावलं. साहेब, मालकाचा मॅनेजर, आबा आणि मी. टेबलावर तो तक्ता उलगडून ठेवलेला. अधिकारी आबांना पंधरा वर्षं ओळखत होते. तक्त्याबद्दल शंका आहे, एवढंच आबांनी आदल्या दिवशी त्यांना कळवलं होतं. साहेबांच्या कपाळावर घाम होता.

अधिकाऱ्यांनी तक्ता पुढे सरकवला. "आ अक्षर तमारा छे?"

आबांनी चष्मा लावला. तक्ता उचलून नीट वाचला. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्षर मारा ज छे, साहेब. पण माप खोटुं लख्युं छे."

अक्षर माझंच आहे, पण माप खोटं लिहिलं आहे.

अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. आबांनी पुन्हा तेच सांगितलं. ज्यानं माप घेतलं त्यानं ते लेखी मागे घेतलं तर दाखला तिथल्या तिथं रद्द होतो, असा नियम आहे ना, असं विचारलं. अधिकारी म्हणाले, आहे, पण तुमचं तपासणीचं परमिट जाईल. आबांनी कागद मागितला आणि उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या.

मी तोंड उघडलं नाही. उघडायला वेळ नव्हता असं नाही. आबा हळू लिहायचे. चार ओळी लिहायला त्यांना पाच मिनिटं तरी लागली. त्या पाच मिनिटांत मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. साहेब पुढे निघून गेले होते. मी म्हणालो, "आबा, माझ्यासाठी का केलंत तुम्ही असं?"

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुनाकरता नही रे भो," ते म्हणाले. "मी नाही म्हणालो असतो तर चौकशी लागती. कोणी लिखं, कोणी सही करी. सहा महिने, वरीस. तोवर दाखला तसाच राहता आणि माग चालू राहते. वर पोरे झोपतस."

एवढं बोलून ते उतरून गेले. मी जिन्यातच उभा राहिलो. त्यांनी मला वाचवलं असं समजून मी त्यांचे पाय धरायच्या तयारीनं धावत आलो होतो. त्यांच्या हिशेबात मी नव्हतोच.

त्याच आठवड्यात त्यांचं परमिट गेलं. साहेबांनी त्यांना कामावरून काढलं, आणि फोनवर एकेका गिऱ्हाईकाला सांगितलं, "आबांचं आता वय झालं. नजर चुकते. नशीब, वेळेवर कळलं." मी समोर बसून ऐकत होतो. एकदा तर बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली.

कतारगामचे माग अकरा दिवस बंद राहिले. तिथं आमच्या नवागामचे बरेच जण कामाला होते. त्यांचा रोज बुडाला. गल्लीतल्या नळावर आबांच्या नावानं शिव्या ऐकू यायला लागल्या. आधी खोटं लिहिलं, मग घाबरून मागे घेतलं, असं लोक बोलत. काही बायकांनी आबांच्या बायकोशी बोलणं टाकलं. त्या बायकांची छपरं अजून पांढरी होती.

माझे वडील मागावरच काम करायचे. एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "मला नाही पटत. तो माणूस माप चुकणार नाही, आणि खोटं तर मुळीच लिहिणार नाही. काहीतरी वेगळं आहे यात." मग आईनं मला विचारलं, "तू तर तिथंच होतास ना रे? काय झालं नेमकं?"

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. मी तो आमटीत बुडवला.

"वय झालं त्यांचं," मी म्हणालो.

वडिलांनी ताटावरून मान वर केली. माझ्याकडे बघितलं. पुढे कधी ते त्या विषयावर बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला त्यांच्या शेवटच्या आजारपणातही विचारता आलं नाही.

जुनी केबल काढली त्या दिवशी साहेबांनी मलाच देखरेखीला पाठवलं. आबांची जागा आता मला मिळाली होती, त्यांचं टाँग टेस्टरही. वायरमननं जिन्याच्या मध्यावरचा तो जोड उघडला. वरचं आवरण बिस्किटासारखं भुगा होऊन त्याच्या हातात आलं. मागची लाकडी पट्टी चार बोटं रुंदीत काळीभोर झाली होती. कोळसाच. वायरमननं ती नखानं खरवडली आणि म्हणाला, "हे तर पेटायचंच बाकी होतं." त्याच वेळी वरच्या मजल्यावरून तीन-चार पोरं टॉवेल खांद्यावर टाकून, एकमेकांना ढकलत, हसत जिना उतरून गेली. मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली.

तो तुकडा आबांना नेऊन दाखवावा असं मला वाटलं. मी तो कागदात गुंडाळलासुद्धा. मग विचार केला, दाखवून काय सांगणार? तुम्ही बरोबर होता? ते त्यांना आधीच ठाऊक होतं. पुडी मी गटारात टाकली.

आबांनी नवागामची खोली सोडली आणि ते सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी राहायला गेले. जाताना निरोप घ्यायला आमच्याकडे आले नाहीत, आणि मीही गेलो नाही. तिथं विजेच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या एकाच्या दुकानात त्यांना काम मिळालं, असं कळलं. ज्या माणसाच्या सहीवर कारखाने चालायचे, तो आता दुसऱ्याच्या दुकानात बसून तांब्याच्या तारेचे वेढे भरत होता.

वर्षभरानं मी तिथं गेलो. या वेळी सगळं बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. अधिकाऱ्यांकडे जाऊन लेखी देतो, असंही सांगणार होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो.

दुकान म्हणजे पत्र्याची एक अरुंद खोली होती. वॉर्निशचा उग्र वास. आबा दाराकडे तोंड करून बसले होते. उजव्या हातानं एक लहानसं चाक फिरवत होते, डाव्या हाताच्या बोटांतून तार सरकत होती. मला बघितल्यावर त्यांनी डाव्या हाताचं एक बोट किंचित वर केलं. थांब. ते वेढे मोजत होते. एक वेढा कमी पडला की मोटार पुन्हा जळते.

मी उंबऱ्यावर उभा राहिलो. त्यांचे ओठ हलत होते. पन्नास, एक्कावन्न, बावन्न. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती. माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. एकशेचार, एकशेपाच. ते न चुकता मोजत होते आणि बसमध्ये जुळवलेलं माझं एकेक वाक्य गळून जात होतं.

वेढे संपले. त्यांनी तार तोडली, टोकाला दोऱ्याची गाठ मारली आणि वर बघितलं.

"बोल भो."

त्यांच्या आवाजात काहीही नव्हतं. टोमणा नाही, जुनी माया नाही, उत्सुकतासुद्धा नाही. गिऱ्हाईकाला म्हणावं तसं ते म्हणाले.

"काही नाही, आबा," मी म्हणालो. "इकडे काम होतं. सहज आलो."

"बरं," ते म्हणाले. एका पोराला चहा आणायला सांगू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. त्यांनी मान डोलावली, नव्या तारेचं टोक साच्यात अडकवलं आणि पुन्हा एकापासून मोजायला सुरुवात केली.

पुढच्या दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो तेव्हा त्या जागी दुसराच माणूस बसला होता. आबा गावाकडे गेले म्हणाला. कुठल्या गावाकडे, ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. अमळनेरला सुरतेहून थेट गाडी जाते, सकाळी बसलं की दुपारी उतरता येतं. मी गेलो नाही.